भराव

मातीच्या तपासणीचा अहवाल कधी वाचलाय तुम्ही? नसेलच. मीही वाचला नसता. पण नंदुरबारचा आमचा जुना वाडा पाडून तिथे चार मजली इमारत बांधायचं ठरलं आणि कागदांच्या गठ्ठ्यात तो अहवाल माझ्याकडे सहीसाठी आला. तीन पानांचा. त्यातल्या एका तक्त्यात आमच्या जागेखालची जमीन वरून खाली लिहिलेली होती. शून्य ते ३.४ मीटर : भराव. त्याखाली थोडी पिवळट माती, मग मुरूम, मग कठीण खडक. मुरमाबद्दल चार ओळी होत्या, खडकाबद्दल अर्धं पान. भरावाबद्दल एवढंच की तो काढून टाकावा, त्यावर पाया घेऊ नये.

अभियंत्याची काही चूक नव्हती. त्याला इमारत उभी करायची होती आणि भरावावर इमारत उभी राहत नाही. पण मी तो शब्द दोनदा वाचला, कारण हा तक्ता ज्या खड्ड्यावरून केला होता तो खड्डा खणताना मी तिथे उभा होतो.

२०१७ची दिवाळी झाली होती. वाड्याचा मागचा सोपा आधीच पडलेला, तिथेच खड्डा घ्यायचं ठरलं. पाच फूट लांब, पाच फूट रुंद, खडक लागेपर्यंत खोल. याला बांधकामवाले 'ट्रायल पिट' म्हणतात. गंमत बघा, पुरातत्त्ववालेही अशाच खड्ड्याला जवळजवळ हेच नाव देतात. चाचणी खड्डा. तोच आकार, तेच फावडं, तीच घमेली. फरक इतकाच की एकाला खाली काय आहे ते हवं असतं आणि दुसऱ्याला मध्ये काय आहे ते.

धडगावकडची दोन पोरं खणत होती, वर मुकादम बसला होता. मी काही पुरातत्त्वाचा माणूस नाही. आयुष्यभर बँकेत नोकरी केली. पण इतिहासाची आवड, त्यामुळे काठावरून आत डोकावत राहिलो. वरची फरशी निघाली, तिच्याखाली मुरमाची चोपण, आणि त्याखाली शेणामातीची जमीन. एक नव्हे. एकावर एक सारवलेल्या जमिनी, पोळीच्या पापुद्र्यांसारख्या. मी मोजायला लागलो आणि वीसच्या पुढे सोडून दिलं. कुणीतरी दर सणाला सारवत गेलं होतं. माझी आजी, तिची सासू, आणि तिच्याही मागच्या. मग राखेचा एक पट्टा. मग विटांचे तुकडे. चारेक फुटांवर एका बाजूच्या भिंतीत काळसर मातीचा मोठा गोल दिसायला लागला आणि खाली खाली जात राहिला. मुकादम म्हणाला, "पेव शे." धान्य साठवायचं जुनं पेव, नंतर कधीतरी कचऱ्याने बुजवलेलं. (पेव फुटलं म्हणतो ना आपण, ते हेच. शब्द बोलण्यात राहिला, वस्तू जमिनीखाली गेली.)

त्याच्याही खाली माती राखाडी झाली आणि खापरं निघायला लागली. घमेल्यातून वर येऊन ढिगावर पडायची. बहुतेक साधी, जाडजूड. काही मात्र पातळ, लालभडक, हाताला गुळगुळीत. एक शंखाच्या बांगडीचा तुकडा. आणि एक खापर बाहेरून लाल, आतून काळंभोर. ते मी उचललं, पाण्याने धुतलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. कारण असं खापर मी आधी एकदा हातात धरलं होतं, शाळेत असताना, प्रकाशाला.

नंदुरबारचा माणूस प्रकाशाला जातो तो देवाला. तापी आणि गोमाईचा संगम, केदारेश्वर, दक्षिण काशी म्हणून ख्याती, बारा वर्षांनी सिंहस्थाची गर्दी. आमच्या इतिहासाच्या सरांनी सहल नेली तीही आधी देवळातच. पण दर्शन झाल्यावर ते आम्हाला गावामागच्या उतारावर घेऊन गेले. पावसाच्या पाण्याने तिथे घळी पडलेल्या. सर म्हणाले, "ही टेकडी नाही. हे गाव आहे. खालचं गाव." आम्हाला काही कळलं नाही. मग त्यांनी घळीच्या भिंतीतून एक खापर काढून दाखवलं. बाहेरून लाल, आतून काळं. भांडं भट्टीत पालथं घातलं की आतल्या बाजूला हवा पोचत नाही, म्हणून आतून काळं आणि बाहेरून लाल होतं, असं त्यांनी सांगितलं. हे लक्षात राहिलं. बाकी सहलीतलं आता काही आठवत नाही.

आपल्याकडे याला एक फार जुना शब्द आहे, पांढर. गावाची जमीन दोन प्रकारची : काळी आणि पांढरी. काळीत पिकतं, पांढरीत माणसं राहतात. पण ती पांढरी का? पिढ्यान्‌पिढ्या चुलीची राख, शेण, पडलेल्या मातीच्या भिंती, हाडं, चुना हे सगळं एकाच जागी साठत जातं आणि मातीचा रंगच बदलतो. घर पडलं की ढिगारा सपाट करून त्यावरच नवीन घर. गाव असं स्वतःच्या अंगावर उंच होत जातं. आमच्या खानदेशात धाब्याच्या घरांवर घालायला हीच माती उकरून नेत, शेतात खत म्हणूनही टाकत. म्हणजे आपले लोक पांढर ओळखत होते, तिची किंमतही जाणत होते. फक्त किंमत गाडीच्या हिशोबाने होती.

प्रकाशाच्या पांढरीत १९५४-५५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन केलं. प्रमुख होते बी. के. थापर. मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४४ साली तक्षशिलेला तरुणांना शिकवायला जी शाळा भरवली होती, तिथे तयार झालेले. आदल्याच वर्षी त्यांनी कर्नाटकात मास्कीला खणलं होतं, पुढे बी. बी. लाल यांच्यासोबत कालीबंगन, आणि शेवटी सर्वेक्षणाचे महासंचालक. मग प्रश्न असा पडतो की असा माणूस तापीकाठच्या आमच्या गावात का आला?

कारण त्या वर्षांत एक कोडं पडलं होतं. डॉ. हसमुख सांकळिया आणि त्यांचे सहकारी नाशिक, जोर्वे, नेवासे इथे खणत होते आणि गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यात ताम्रपाषाण काळातली, म्हणजे लोखंड यायच्या आधीची, शेती करणारी वस्ती सापडत होती. तिकडे उत्तरेला नर्मदेवर महेश्वरला माळव्याची चित्रं काढलेली भांडी मिळाली होती. पश्चिमेला सौराष्ट्रात रंगपूरला आणखी वेगळी, चकाकणाऱ्या लाल रंगाची. हे लोक एकमेकांच्या आधीचे, नंतरचे, की शेजारी? नकाशावर या तिन्हींच्या मध्ये बोट ठेवलं तर ते तापीवर पडतं. म्हणून प्रकाशा.

थापरांनी सगळं गाव खणलं नाही. तिथे माणसं राहत होती, आजही राहतात. मोकळ्या जागी आखीव चर घेतले, पण घेतले ते तळाच्या कोऱ्या मातीपर्यंत. आणि किती खोल जावं लागलं असेल? वस्तीचे थर एकूण सतरा मीटर जाडीचे निघाले. पाच मजली इमारत जमिनीत उभी गाडली तर जेवढी होईल तेवढे. अगदी तळाला ताम्रपाषाण वस्ती, साधारण इसवी सनापूर्वी १७०० ते १३००. तिचेही दोन टप्पे : आधी माळव्याची भांडी, मग वरच्या थरांत त्यांच्या जोडीला जोर्वेची, आणि सौराष्ट्राकडची ती चकाकणारी लालही. म्हणजे कोड्याची तिन्ही टोकं एका भिंतीत, एकावर एक, क्रमाने. त्यानंतर खंड आहे. गाव ओस पडलं. पुन्हा माणसं आली ती लोखंड घेऊनच, काळी-आणि-लाल भांडी वापरणारी. मग सातवाहन आणि त्यानंतरचा काळ. मग इसवी सनाच्या अकराव्या शतकापर्यंतचा चौथा कालखंड. थापरांचा अहवाल 'एन्शन्ट इंडिया'च्या २०-२१ या जोडअंकात आला, आणि तापी खोऱ्याबद्दल कुणी काहीही लिहायला बसलं की आजही त्याला तो उघडावा लागतो.

आमच्या अभियंत्याच्या भाषेत सांगायचं तर प्रकाशाचा अहवाल असा झाला असता : शून्य ते सतरा मीटर : भराव.

आणि जाडी म्हणजेच सगळं असंही नाही. तिथून थोड्याच अंतरावर, शहादा तालुक्यातच, तापीकाठी सावळदा आहे. कितीजणांना ठाऊक आहे कोण जाणे, पण या छोट्या गावाचं नाव एका अख्ख्या संस्कृतीला दिलेलं आहे. दायमाबादला डॉ. साळींनी खणलं तेव्हा तिथे सगळ्यात खाली निघाली ती ही सावळदा संस्कृती. म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्या शेतकऱ्यांपैकी एक. साक्री तालुक्यात कावठ्याला डेक्कन कॉलेजने याच लोकांचं गाव खणलं. तिथला थर जेमतेम अर्ध्या मीटरचा होता. खोल नांगर लागला असता तर गाव संपलं असतं.

तर हे सगळं माझ्या डोक्यात होतं आणि हातात ते खापर होतं. आता मला विचाराल की मग तुम्ही काय केलं?

काही नाही केलं. तेच सांगायला बसलोय.

वाड्यात आम्ही पाच हिस्सेदार. थोरली काकू वाड्यातच राहायची, एकटी, बाहेरच्या दोन खणांत. वरचं धाबं दर पावसाळ्यात गळायचं, भिंतीला ओल, आणि तिचे गुडघे गेलेले. बाकीच्यांना पैसे हवे होते, तिला कोरडी खोली आणि आत संडास हवा होता. करारावर सह्या व्हायला चार वर्षं गेली होती. धाकटा चुलतभाऊ तर कराराच्या दिवशी सगळ्यांना म्हणाला होता, "आता कुणी नवीन खुसपट काढू नका." मी ते खापर त्याला दाखवलं. त्याने ते हातात घेतलंच नाही. म्हणाला, "दादा, हे कुणाला दाखवू नको. पुरातत्त्ववाले आले की जागा सील होते. मग काकू जाईल तोवर सील निघत नाही."

मी त्याला म्हणालो नाही की तसं नसतं. मला तेव्हा खात्रीने माहीत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला माहीत करून घ्यायचंही नव्हतं.

नंतर मात्र वाचलं, वेळ निघून गेल्यावर वाचतो तसं. संरक्षित स्मारक असेल तर त्याच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आणि पुढच्या दोनशे मीटरांत परवानगी लागते, हा २०१०च्या दुरुस्तीतला नियम. तो स्मारकांसाठी. आमचा वाडा कुणाच्या यादीत नव्हता. दुसरा कायदा १८७८चा, निखात निधीचा, अजून जिवंत आहे. जमिनीत दडलेली किमती वस्तू, दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाची, सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. इंग्रजांच्या डोळ्यांसमोर मोहरांचा हंडा होता हे उघड आहे. त्या कायद्याला सोनं दिसतं; राखेचा पट्टा दिसत नाही, सारवलेली जमीन दिसत नाही. माझ्या खापराची बाजारात किंमत काय? दहा रुपयेसुद्धा नाही. म्हणजे ना आमची जागा कुणी सील करणार होतं, ना कुणी येऊन विचारणार होतं. भाऊ उगीच घाबरला होता. आणि मी त्याच्या घाबरण्याच्या मागे लपलो होतो.

करता काय आलं असतं? तर अगदी थोडं. स्वतः खणायचा प्रश्न नव्हता, ते परवानगीशिवाय होत नाही आणि होऊही नये. पण खड्डा तर खणलेलाच होता! राज्याच्या पुरातत्त्व विभागाचं कार्यालय नाशिकला आहे. एक फोन, एक पत्र. कुणी जाणकार आला असता, तर त्या खड्ड्याची एक भिंत खुरपीने घासून साफ केली असती, थर वेगळे केले असते, दोरी आणि टेप लावून कागदावर उतरवून घेतली असती. प्रत्येक थराला क्रमांक. प्रत्येक थरातली खापरं वेगळ्या पिशवीत. मोजपट्टी ठेवून फोटो. दोन-तीन दिवसांचं काम. खड्डा तसाही महिनाभर उघडाच पडून होता. काकूच्या मांजरीचं पिल्लू त्यात दोनदा पडलं.

आणि नंदुरबार काही अडगळीतलं गाव नाही हो. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा रस्ता या गावातून जायचा. १६१०च्या सुमाराला विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी इथून गेला तेव्हा त्याला किल्ला, तलाव, पुष्कळ कबरी दिसल्या. त्याच शतकात पुढे इंग्रजांनी इथे वखार घातली. हे झालं कागदावरचं. त्याच्या आधीचं नंदुरबार जर कुठे असेल तर ते जुन्या गावठाणातल्या वाड्यांखालीच असणार, आणि ते वाडे एकेक करून पडताहेत. प्रकाशाला एक चर घेतला आणि हजारो वर्षं हाती लागली. नंदुरबारला गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पायांसाठी कितीतरी खड्डे खणले गेले असतील, आणि सगळ्यांच्या अहवालात एकच शब्द.

दुसरीकडे कसं करतात तेही वाचलं. लंडनला १९८९ साली कचेऱ्यांची इमारत बांधताना रोझ नावाच्या नाटकगृहाचा पाया निघाला, १५८७ सालचा, शेक्सपिअरच्या काळातला. गवगवा झाला, नट मंडळी जागेवर येऊन उभी राहिली, शेवटी इमारतीचा आराखडा बदलून तो पाया खाली राखला. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. १९९०मध्ये त्यांनी सरकारी मार्गदर्शक सूचनाच काढली की जुन्या वस्तीच्या जागेवर बांधकाम करायचं तर परवानगीच्या आधी चाचणी चर घेऊन खाली काय आहे ते पाहा, आणि खर्च बांधणाऱ्याने करा. सगळी जागा खणत नाहीत. शंभरातला दोन ते पाच भाग. त्यात काही नसेल तर तुम्ही तुमच्या कामाला मोकळे. चारशे वर्षांच्या नाटकगृहासाठी जे गाव इतकं करतं त्यांना आपली पांढर दाखवली तर काय म्हणतील, असा एक विचार मनात येऊन गेला. असो.

आपल्याला हे जमत नाही असंही नाही. थापर प्रकाशाला खणत होते त्याच हंगामात आंध्रात नागार्जुनकोंड्याला मोठं काम सुरू झालं होतं. नागार्जुनसागर धरणाच्या पाण्यात ते अख्खं खोरं जाणार होतं म्हणून १९५४ ते १९६० अशी सहा वर्षं खणलं, नोंदलं, आणि निवडक वास्तू उचलून वर टेकडीवर नेऊन पुन्हा उभ्या केल्या. ती टेकडी आता जलाशयातलं बेट आहे. म्हणजे धरण आलं की आपल्याला जाग येते. पाण्याची भीती दिसते. जेसीबीची दिसत नाही, कारण तो एका वेळी एकाच घरापुढे उभा राहतो.

आणि आपल्याच कोल्हापूरचं ब्रह्मपुरीचं उदाहरण घ्या. १९४४-४५च्या सुमाराला तिथल्या टेकाडाची माती काढताना कांस्याच्या वस्तूंचा साठा निघाला. त्यात रोमन साम्राज्यातून आलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, छोटी मूर्ती. आज ती कोल्हापूरच्या टाउन हॉलमधल्या संग्रहालयात आहे, जरूर पाहा. पंचगंगेच्या काठी समुद्राचा देव! त्यानंतर १९४५-४६मध्ये सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे रीतसर उत्खनन केलं आणि सातवाहनांच्या काळातली विटांची घरं उजेडात आली. मूर्ती आधी निघाली, म्हणून माणसं आली. नुसती खापरं निघाली असती तर? मला उत्तर ठाऊक आहे, कारण आमच्याकडे नुसती खापरंच निघाली.

होळी झाल्यावर, २०१८च्या मार्चमध्ये, जेसीबी आला. सागवानी खांब आणि तुळया आधीच विकल्या होत्या. दोन दिवसांत मातीच्या भिंती खाली, आणि मग चार दिवसांत खालचं सगळं बाहेर. साडेतीन मीटर. डंपर येत होते, भरून जात होते. तिसऱ्या दिवशी जेसीबीचा पंजा मागच्या बाजूला गेला आणि त्या पेवाचा काळा गोल एका क्षणासाठी पूर्ण उभा कापलेला दिसला. तोंड अरुंद, पोट मोठं, अगदी रांजणासारखा. मग पंजा पुन्हा आला. माती कुठे टाकतात विचारलं तर ड्रायव्हर म्हणाला, बायपासकडे एका प्लॉटवर भराव करताहेत. तिथे भविष्यात कुणी खड्डा घेईलच आणि आमच्या वाड्याखालची खापरं त्याला सापडतील. तो बिचारा त्या मोकळ्या माळावर जुनं गाव होतं म्हणेल.

माझ्याकडे राहिलं काय, तर खड्ड्याच्या दिवशी ढिगावरून उचललेली सहा खापरं, शंखाच्या बांगडीचा तुकडा आणि मोबाइलवर काढलेले चार फोटो. फोटोत मोजपट्टी नाही. एका फोटोत मुकादमाची चप्पल आहे, तिच्यावरून अंदाज बांधायचा.

दोन वर्षांनी, पुण्यात, पुरातत्त्व शिकवणाऱ्या एका मित्राकडे ती पिशवी घेऊन गेलो. त्याने खापरं टेबलावर मांडली, भिंग लावलं, बोटाने कडा चाचपल्या. लाल गुळगुळीत होती त्यांच्याकडे तो बराच वेळ बघत होता. काळ्या-लालवर आणखी थोडा. मी वाट बघत होतो. मग त्याने विचारलं, "कुठल्या थरातली?"

म्हटलं, साधारण नऊ फुटांवरची.

"खोली नको सांगू. थर सांग. तू म्हणालास तिथे पेव होतं. पेव वरून खणतात ना? शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाने वरून आठ-दहा फूट खणलं, तर त्याचा कचरा आठ-दहा फुटांवरच जाऊन पडणार. शेजारची माती दोन हजार वर्षांची असू शकते आणि पेवातली शंभर. खोली दोन्हीची एकच. ही सहाही एका जागची आहेत का? की काही पेवातली आणि काही बाहेरची?"

मला सांगता आलं नाही. ढिगावरून उचलली होती.

तो चिडला नाही. चहा मागवला. म्हणाला, चांगली खापरं आहेत, जुनी असावीत, पण यावरून मी नंदुरबारबद्दल एक ओळही लिहू शकत नाही. आणि मग ती सहाही त्याने जपून परत पिशवीत भरली, माझ्याकडे दिली. त्याच्या विभागात ठेवून घ्या असं मी सुचवलं, तर म्हणाला, नोंद काय करू?

काकू आता दुसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट आहे, खोली कोरडी आहे. मी गेलो की ती गॅलरीतून खाली पार्किंग दाखवते आणि बरोबर सांगते, तिथे आपलं न्हाणीघर, तिथे तुळस, तिथे मागचा सोपा. मागच्या सोप्याच्या जागी सात नंबरचा कॉलम आहे. मी तिला खापरांचं कधी सांगितलं नव्हतं. यंदा सांगितलं. तिने बांगडीचा तुकडा घेतला, मनगटाला लावून पाहिला आणि म्हणाली, "लहान हाताची आहे. पोरीची असेल." एवढं तर माझ्या मित्रालाही सुचलं नव्हतं. मग म्हणाली, "तेव्हा का नाही बोललास?" मी म्हटलं, काम अडलं असतं. ती म्हणाली, "चार वर्षं अडलंच होतं की. अजून चार दिवसांनी मी काय मरणार होते?"

परत आल्यावर मी ती पिशवी काढली. उत्खननात प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी असते : स्थळ, चर, थर, खोली, तारीख. म्हटलं निदान चिठ्ठी तरी लिहू. स्थळ : नंदुरबार, जुनं गावठाण. खड्डा : १. तारीख फोटोवरून मिळाली. खोलीपाशी अडलो. नऊ फूट की सात? काळं-लाल खापर निघालं तेव्हा खालच्या पोराचं डोकं काठाच्या खाली गेलेलं होतं एवढंच आठवतंय. मुकादमाचा नंबर अजून होता, लावला. त्याला वाडा आठवत होता, खड्डाही. "खापरे? त्या तं सगया खड्डामा निंघतस भाऊ," म्हणाला.

खोली 'सुमारे ९ फूट' लिहिली आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. थर या रकान्यात काय लिहावं ते बराच वेळ सुचेना. शेवटी अहवालात होतं तेच लिहिलं.